सायकलचा तिसरा दिवा

सोमवार, ३

नवरा म्हणतो, "तुझी भीती मला ऐकवत बसू नकोस, दिवसभर गोदामात खोकी मोजून माझे डोळे मिटतात. कुठेतरी लिहून ठेव." ठीक आहे. लेकीची, ठकीची मागच्या वर्षीची भूगोलाची वही अर्धी कोरी होती, ती घेतली आहे. आता भीती लिहिते. वाचायची कुणाची टाप नाही.

आजपासून मला दुसरी पाळी लागली. दुपारी बारा ते आठ. कारखान्याची बस त्यांनी बंद केली, नवऱ्याची सुटी माझ्यानंतर तासाभराने, म्हणून मी सायकलने. सुपरवायझर म्हणाला, "जमत नसेल तर तपासणीच्या टेबलावर दुसरी कुणी बसवतो." मी फाडकन म्हटलं, जमेल! तोंड नेहमीच माझ्या पुढे धावतं.

ते टेबल मी सोडणार नाही. शिवून आलेला प्रत्येक शर्ट माझ्या हाताखालून जातो. सुटलेला धागा, वाकडी शिवण, उलटं शिवलेलं काज, काही म्हणता काही माझ्या नजरेतून निसटत नाही. त्या टेबलावर मला कुणी धांदरट म्हणत नाही. बाकी सगळीकडे म्हणतात.

पण तो रस्ता! बाजार संपला की नाल्याच्या कडेने जायचं. एका बाजूला लाकडाच्या वखारीची भिंत, दुसऱ्या बाजूला नाल्याचा कठडा. खांब आहेत, दिवे नाहीत. सायकलचा जुना दिवा म्हणजे नुसता काजवा. जीव मुठीत धरून आले. घरी पोचले तेव्हा कपडे घामाने चिंब.

आमच्या माहेरी शिस्तच होती, दिवेलागणीला सगळे घरात. अण्णा स्वतः अंधारात पाऊल टाकत नसत आणि आम्हाला टाकू देत नसत. आई हसायची, "दिवसा वाघ आणि दिवे लागले की मांजर." लग्नानंतर कधी बाहेर पडलेच तर नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून. एकटीने अंधारातून जायची ही या वयात पहिली वेळ. सवय होईल म्हणे.

बुधवार, ५

सवय होत नाही. नवा दिवा घेतला.

बाजारातला सायकलवाला भला माणूस आहे, फक्त बोलायला लागला की थांबत नाही. "ताई, हा चारशे ल्युमेनचा. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. रोज ये-जा करणाऱ्याला हा भरपूर. मोबाइलच्या वायरने चार्ज होतो. काढून खिशात टाका, चोरीची भीती नाही." मी म्हटलं, मला चोरीची नाही, दुसरीच भीती आहे. तो हसला.

रस्त्यावर दिवा लावला. पुढे ताटाएवढा उजेड पडला. ताटात रस्ता, ताटाबाहेर काही नाही. नाला कुठे, भिंत कुठे, आकाश कुठे, सगळं एकच काळं. लोक या असल्या दिव्यांवर समाधानी कसे राहतात कोण जाणे.

गुरुवार, ६

आधी दाराला कडी लावली, मग वही काढली.

वखारीच्या कोपऱ्यावर एक माणूस उगवला. पुढून आला नाही, मागून आला नाही. एकदम माझ्या हँडलच्या बाजूला उभा! मी किंचाळले. तोही दचकला, किंवा दचकल्यासारखं केलं. मी जी पायडल मारली ती थेट घराच्या दारात.

भिंतीला चिकटून दबा धरून बसला असणार. नाहीतर एवढा मोठा माणूस आधी दिसणार नाही का? नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "असेल कुणी चालणारा." याच्यापुढे बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. अण्णांना सांगितलं नाही. ते आता आमच्याकडेच असतात, आतल्या खोलीत. म्हातारपणी त्यांना दिवसाही बेताचंच दिसतं, उगाच जिवाला घोर लावतील.

सोमवार, १०

शुक्रवारीही एक उगवला. आणि शनिवारी एक बाई, डोक्यावर गाठोडं घेऊन. बाईसुद्धा! आता ही काय मला लुटणार होती? पण दिसली तीही अशीच, एकदम, हाताच्या अंतरावर. मला वाटतं त्या रस्त्यावर काहीतरी आहे. हे मी फक्त इथे लिहिते. बाहेर बोलले तर लोक मला वेड्यात काढतील.

सायकलवाल्याकडे दिवा परत नेला. म्हटलं, बाजूचं काहीच दिसत नाही. त्याने डोकं खाजवलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून अंधार केला आणि एकेक दिवा भिंतीवर मारून दाखवला. कुणाचा झोत लांब आणि बारीक, कुणाचा जवळ आणि रुंद. मला सगळ्यांत रुंद हवा होता. "हा बाराशेचा. हा लावून लोक जंगलातून सायकली हाणतात. फक्त तोंड खाली ठेवा, समोरच्याच्या डोळ्यांवर जातो."

आज कामावर कपड्यांच्या ट्रॉलीवर नडगी आपटली. परवाच्याच जागी. बटणवाली म्हणाली, "अगं, एवढी ढळढळीत ट्रॉली!" बटणवाली म्हणजे बटणांच्या मशीनवरची, माझी मैत्रीण. तोंडाळ आहे पण मनाची साफ. मी म्हटलं, माझं लक्ष शर्टात होतं.

बुधवार, १२

रुंद दिवाही तसलाच. ताटाची परात झाली, एवढंच. परातीबाहेर तेच काळं.

वर समोरून येणारा एक सायकलस्वार ओरडला, "अहो, दिवा आहे की सूर्य? डोळे फोडता काय?" मला संताप आला. आंधळ्यासारखे बिनदिव्याचे फिरतात आणि मला शिकवतात! त्याच्या सायकलला खरंच दिवा नव्हता. एवढ्या वेगाने बिनदिव्याचा येत होता. नशेत असणार.

शुक्रवार, १४

आज पडले. रस्त्याच्या कडेला पाण्याचे पाइप टाकून ठेवलेत, त्यांवर चाक गेलं. गुडघा सोलला. त्याहून वाईट म्हणजे पडल्या पडल्या अंधारातून एक हात आला आणि माझा दंड धरला. माझी बोबडीच वळली.

"बाई, लागलं का?"

दिवा त्याच्यावर मारला. वखारीचा राखणदार. खुर्ची टाकून तिथेच बसलेला असतो म्हणे, फाटकाजवळ. मी झाडलाच त्याला, "लपून काय बसता? बाईमाणसाला घाबरवता?"

तो बिचारा हिरमुसला. "लपतो कशाला? रोज तुम्हाला हात करतो मी. तुम्हीच बघत नाही. मला वाटायचं, बाईंना आढ्यता आहे."

खोटं बोलत असेल का? चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. पण खुर्ची टाकून बसलेला माणूस मला रोज दिसला नाही, हे कसं मानायचं? रात्री जेवण गेलं नाही.

मंगळवार, १८

तिसरा दिवा. सायकलवाला देईना. "ताई, याच्यावर माझ्याकडे काही नाही. याच्यावर रेल्वेचं इंजिन." दोन भिंगं आहेत, बॅटरी वेगळी, पिशवीत घालून दांड्याला बांधायची. तो म्हणाला, "रागवू नका, पण कमी उजेड पडतो म्हणून दिवे परत आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकीचे जास्त पडतो म्हणून आणतात." पुढे काहीतरी म्हणणार होता, पण माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसला.

घरी दाखवायला म्हणून लावला. नवरा ओरडला, ठकीने उशीत तोंड खुपसलं, समोरच्या घराची खिडकी उघडली. फक्त अण्णा दारात येऊन म्हणाले, "हा बरा आहे. एवढा तरी हवाच."

चला, घरात एकाला तरी अक्कल आहे.

गुरुवार, २०

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

बटणवालीचा नवरा गावाला गेलाय, तिला न्यायला कुणी नाही, म्हणून तीही सायकलने माझ्याबरोबर निघाली. मला केवढं हायसं वाटलं! तिच्या सायकलला दिवा नाहीच. नाल्याचा रस्ता लागला तसा मी माझा लावला. थोडं पुढे गेलो आणि ती वैतागली. "बंद कर गं तो. तुझ्या उजेडाने मला काही दिसेना झालंय."

मला वाटलं थट्टा करते. उजेडाने कधी दिसेनासं होतं का?

"बंद कर म्हणते ना. छान चांदणं आहे."

मी केला बंद. भांडायचं त्राण नव्हतं आणि ती सोबत होती.

दिवा गेला आणि सगळं गेलं. मी ब्रेक दाबून उभी. डोळे उघडे की मिटलेले ते कळेना. बटणवाली मात्र पुढे चाललेली, तिचा आवाज लांब लांब जात होता. नणंदेच्या तक्रारी सांगत होती. मग आवाज थांबला, परत जवळ आला.

"थांबलीस का?"

"दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"काहीच. तू पण दिसत नाहीस."

तिच्या सायकलचं चाक माझ्या चाकाला लागलं. मग म्हणाली, "मी तुझ्यासमोर हात धरलाय. किती बोटं?"

मला हातच दिसत नव्हता. मी म्हटलं, "अंधारात कुणाला बोटं दिसतात? अंधार आहे म्हणून तर दिसत नाही!"

"अगं, दिसतात की," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता तिचा. "तुझं कानातलं दिसतंय मला. तो राखणदार खुर्चीत बसून आपल्याकडे बघतोय. नाल्यापलीकडे बाई कपडे काढतेय दोरीवरून. तुला खरंच…?"

मी दिवा लावला. घरापर्यंत ती माझ्या पुढे राहिली, सारखी मागे वळून बघत.

शुक्रवार, २१

रजा टाकली. नवऱ्याला विचारलं, दिवा नसताना तुला रस्ता दिसतो? म्हणाला, "थोडा वेळ गेला की दिसतो. का?" मी म्हटलं, सहज.

म्हणजे सगळ्यांना दिसतं? इतकी वर्षं सगळे अंधारात बघत होते आणि मला कुणी बोललं नाही?

की मी कुणाला विचारलंच नाही. असं काही विचारायचं असतं हे तरी कुणाला सुचतं?

सोमवार, २४

बटणवालीने खेचून नेलं डोळ्यांच्या दवाखान्यात. अक्षरं वाचली, शेवटची ओळसुद्धा खडाखडा. मला वाटलं, सुटले. पण डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, डोळ्यांत बराच वेळ बघितलं आणि एका यंत्रापुढे बसवलं. पांढऱ्या भांड्यासारखं आहे. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठे बारीक ठिणगी दिसली की हातातलं बटण दाबायचं.

यंत्र जुनं असावं. सुरुवातीला चार ठिणग्या आल्या आणि मध्येच बंद पडलं. मी आपली अंगठा रोखून बसलेय, ठिणगी काही येईना. तिथल्या मुलीला म्हटलं, "अहो, अडकलं वाटतं तुमचं." ती म्हणाली, "नाही, चालू आहे. तुम्ही मध्ये बघत राहा." दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही तसंच. एवढा मोठा दवाखाना आणि यंत्र दुरुस्त करून घेत नाहीत.

उद्या बोलावलंय. घरच्या कुणाला घेऊन या म्हणाल्या. ते का म्हणाल्या असतील?

मंगळवार, २५

यंत्र चालू होतं.

डोळ्याच्या मागचा पडदा कडेकडेने झिजत येतोय. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं. मधलं राहतं, म्हणून धागा दिसतो आणि ट्रॉली दिसत नाही. हळूहळू आत येईल. वर्षं लागतील, किती ते सांगता येत नाही. औषध नाही. रात्री सायकल बंद. कितीही मोठा दिवा घेतला तरी.

नवऱ्याने माझा हात धरला होता, आणि त्याचाच हात थंडगार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माहेरी कुणाला असं आहे?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दिवेलागणीला घरात!

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला मूल आहे?"

तोपर्यंत मी माझ्यासाठी घाबरत होते. ती भीती काहीच नव्हती.

ठकीला असण्याची शक्यता अर्धी. तेरा वर्षांच्या मुलीला अंधारात नीट दिसत असलं तर चांगली खूण, पण शब्द देता येत नाही, कधीकधी उशिरा कळतं. तिच्या तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. पुढचा आठवडा कधी उजाडायचा!

ठकी जाता-येता टेबलाला, दाराला आपटत असते. मी तिला धांदरट म्हणते. अगदी माझ्यावर गेलीय म्हणते. हसत हसत म्हणते.

बुधवार, २६

अण्णांच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, "अण्णा, अंधार पडल्यावर तुम्ही बाहेर का जात नव्हता?"

"भीती वाटायची." सरळ सांगून टाकलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"कशाची?"

"कशाची काय? काही दिसत नाही म्हटल्यावर भीती वाटणारच. सगळ्यांनाच वाटत असणार. लोक छातीचे असतात, तसेच जातात. मी नव्हतो तसला."

"अण्णा, लोकांना दिसतं."

"काय दिसतं?"

"रस्ता. माणसं. दिवा नसला तरी. सगळं नाही, पण दिसतं. आपल्यालाच दिसत नाही. तो आजार आहे."

ते माझ्याकडे तोंड करून बसले होते, पण बघत होते भलतीकडेच. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग विचारलं, "तुझ्या आईला दिसायचं?"

"हो."

"ती पहाटे नळावर जायची पाण्याला. एकटी. मी दारात उभा असायचो कंदील धरून. लाज वाटायची. बाईमाणूस जातंय आणि आपण दारात." पंचा हातात घेतला. "मग मी भित्रा नव्हतो?"

मी म्हटलं, "नाही हो अण्णा. मुळीच नव्हता."

"तिला कळायला हवं होतं हे," म्हणाले आणि पंच्याने डोळे पुसत बसले. आई जाऊन किती वर्षं झाली. मला तिथे बसवेना आणि उठवेना. शेवटी ठकीने जेवायला हाका मारल्या तेव्हा दोघं उठलो.

गुरुवार, २७

सुपरवायझरला सांगितलं. बटणवाली बरोबर होती, नाहीतर माझा धीर झाला नसता. तो म्हणाला, "तपासणीवालीचे डोळे खराब?" आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी डागी शर्टाकडे बघते. बटणवाली त्याच्यावर धावूनच गेली. शेवटी सकाळची पाळी दिली, टेबल तूर्त माझंच. तूर्त. तो शब्द त्याने दोनदा वापरला.

आठवडाभरापूर्वी या शब्दाने मी रात्रभर जागी राहिले असते. आज ठकी जिना उतरताना बघत होते. कठड्याला हात लावते की नाही. लावते. मग रात्रभर जागी राहिलेच.

रविवार, ३०

पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवलं नाही. नवऱ्याला सुटी होती. त्याला म्हटलं, "तू आधी जा, नाल्याच्या रस्त्यावर कुठेतरी गुपचूप बसून राहा. कुठे ते मलाही सांगू नकोस." ठकीला सरळ विचारून भागलं नसतं. ही मुलगी परीक्षेत न येणाऱ्या उत्तराचीही दोन पानं लिहून येते.

तिला म्हटलं, चल, फिरून येऊ. चालतच गेलो. वखारीची भिंत लागली तिथे थांबलो आणि मी हातातला दिवा बंद केला. आज चांदणंही नव्हतं. मला काहीही दिसेना. तिचा हात सोडला, म्हणजे तिला माझा आधार नको. सोडताना हात सुटेना.

"थोडा वेळ उभी राहा. मग काय काय दिसतं ते सांग."

"हे काय खूळ?"

"सांग म्हणते ना."

"भिंत. खांब. पलीकडे कठडा."

हे तर तिला दिवसाही माहीत आहे. शाळेची वाटच ती. "आणखी?"

"झाडं आहेत. आणखी काय असणार? अंधार आहे नुसता."

अंधार आहे नुसता. मी भिंत चाचपली, ती हाताला लागेना.

"नीट बघ गं," मी म्हटलं. "सावकाश बघ. घाई नको."

ती बोलेना. मला वाटलं, बघतेय आणि सापडत नाहीये, आणि आता ती काहीतरी ठोकून देणार. मी मनातल्या मनात कुणाकुणाच्या विनवण्या करत होते. मग ती खुसखुसली.

"आई, बाबा तिकडे कठड्यावर बसून नाक का कोरतायत?"

"कोरत नाहीये!" अंधारातून लांबून आवाज आला. "खाजवतोय!"

ठकी खिदळत सुटली. मी तोंडावर पदर दाबून धरला होता. हुंदका नाही, श्वास नाही, काही म्हणता काही बाहेर पडू दिलं नाही. नुसती डोळ्यांतून धार लागली होती. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई काय सांगायचं ते सांगतील, पुढच्या वर्षी आणखी काही सांगतील.

ठकीचं हसणं मध्येच थांबलं.

"आई," ती म्हणाली, "रडतेस का तू?"